औद्योगिक मनोविकारवैद्यांचे संघ आणि त्यांचें दप्तर

१

एखाद्या विद्येचा इतिहास लिहावयाचा म्हणजे तिच्यांतील मोठमोठ्या पुरुषांचीं नांवें व त्यांचे ग्रंथ सांगावयाचे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पुरुष विद्येस जन्म देतात. तिचा सांभाळ मात्र संघ करतात, आणि संघ कागदावर जगतात. सभेचें बोलावणें करणारें पत्र, सभेचें कार्यवृत्त, सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब आणि नेमानें निघणारा अंक, एवढ्या पांच वस्तू ज्या मंडळींनीं सांभाळल्या त्यांचा संघ टिकला. पुण्यास १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें तें राजवाडे व मेहेंदळे यांच्या पुढाकारानें. पण मंडळाचा प्रपंच पुढें चालला तो वृत्तें, अहवाल व त्रैमासिक यांच्या आधारावर, हें वाचकांस वेगळें सांगावयास नको.

प्रस्तुत लेखांत ज्या संघांचा विचार करावयाचा आहे ते आपल्या नेहमींच्या विषयापासून दूरचे वाटतील. गिरणींत, कचेरींत, दुकानांत, तारघरांत माणसाच्या मनास जी पीडा होते, किंवा मनाची पीडा घेऊन तो कामावर येतो तेव्हां जें घडतें, त्याचें निदान व उपचार करणारी वैद्यकाची एक शाखा आहे. तिला येथें औद्योगिक मनोविकारवैद्यक असें म्हटलें आहे. या शाखेचे जाणते पुरुष १९१५ च्या सुमारापासून आढळतात. परंतु अमेरिकेंत तिची स्वतंत्र अशी परिषद उभी राहण्यास विसाव्या शतकाचें शेवटचें दशक उजाडावें लागलें. पुरुष होते, पैसा होता, गरजहि होती. मग पाऊणशें वर्षांचा विलंब कां लागला? या वैद्यांची संख्या थोडी, हें एक कारण उघड आहे. पण आमच्या मतें त्याहून मोठें कारण दप्तराचें आहे. या वैद्यानें लिहिलेला कागद कोणाचा, रोग्याचा, वैद्याचा कीं धन्याचा, हेंच ठरलें नव्हतें. हस्तलिखितें जमविणारांस कागदाच्या मालकीचा प्रश्न परका नाहीं; म्हणून तो येथें मांडीत आहों.

२

प्रथम वडील घराण्याची हकीकत पाहूं. १९ जून १८४१ रोजीं इंग्लंडांतील ग्लॉस्टर येथील वेड्यांच्या इस्पितळाचा वैद्य सॅम्युएल हिच यानें देशांतील इतर इस्पितळांच्या वैद्यांस एक परिपत्र धाडलें. २७ जुलै रोजीं त्याच इस्पितळांत पहिली बैठक भरली, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत नॉटिंगहॅम येथें पहिली वार्षिक सभा झाली. जमलेली मंडळी मोजकीच होती. त्यांचे हेतू पाहण्यासारखे आहेत: एकमेकांच्या इस्पितळांस भेटी द्याव्या, उपचारांचें फळ एकमेकांस कळवावें, आणि नोंदी अशा ठेवाव्या कीं एका इस्पितळाचे आंकडे दुसऱ्याशीं ताडून पाहतां यावे. रोग्यांस व त्यांच्या निवासास लावण्यांत येणारीं हीन नांवें शक्य तेथवर टाकून द्यावीं, हाहि विचार त्यांनीं आरंभींच केला. म्हणजे या संघाचा पाया शब्दांच्या शुद्धीवर व नोंदीच्या एकवाक्यतेवर घातला गेला.

पाया चांगला असूनहि पहिलीं दहा-बारा वर्षें संघाची प्रकृति क्षीणच होती. कांहीं वर्षें तर वार्षिक सभाच भरली नाहीं. त्यास धुगधुगी आणली ती नियतकालिकानें. नोव्हेंबर १८५३ मध्यें डेव्हन परगण्याच्या इस्पितळाचा मुख्य वैद्य जॉन चार्ल्स बकनिल याच्या संपादकत्वाखालीं 'असायलम जर्नल' निघालें. १८५८ मध्यें त्याचें नांव 'जर्नल ऑफ मेंटल सायन्स' झालें, आणि १९६३ पासून तें 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिॲट्री' या नांवानें चालत आहे. जो सभासद दूर राहतो, ज्यास सभेस येण्यास खर्च पुरत नाहीं, त्यासहि अंकामुळें आपण संघांत आहों असें वाटूं लागलें. १८६५ सालीं संघानें 'मेडिको-सायकॉलॉजिकल असोसिएशन' हें नांव घेतलें. १८८५ सालीं रुग्णसेवकांसाठीं एक पाठ्यपुस्तक निघालें, व पुढें त्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धति पडली. १८९४ सालीं एलिओनोरा फ्लूरी या विदुषीस प्रवेश मिळून स्त्रियांस दार उघडलें. १९२६ सालीं राजाज्ञापत्र मिळालें, आणि १९७१ मध्यें संघाचें रूपांतर 'रॉयल कॉलेज ऑफ सायकिॲट्रिस्ट्स' या संस्थेंत झालें. एका परिपत्रापासून राजमान्य संस्थेपर्यंतचा हा प्रवास एकशें तीस वर्षांचा आहे.

अमेरिकेंत क्रम थोडा उलटा झाला. न्यूयॉर्क प्रांतांतील युटिका येथें अमॅरिया ब्रिगॅम यानें जुलै १८४४ मध्यें मनोविकारांवरील नियतकालिक आधीं काढलें. आणि १६ ऑक्टोबर १८४४ रोजीं फिलाडेल्फिया येथें तेरा इस्पितळप्रमुखांनीं एकत्र येऊन संघ स्थापिला. आजची 'अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशन' ती हीच. हें नांव तिनें १९२१ सालीं घेतलें.

या दोन्ही संघांच्या वाढीमागें एक गोष्ट अशी आहे कीं तिजकडे सहसा लक्ष जात नाहीं. इस्पितळाच्या वैद्यास आपल्या रोग्यांच्या वह्या सर्वांपुढें मांडण्यास अडचण नव्हती. रोगी, वैद्य व वही हीं एकाच छपराखालीं होतीं. इंग्लंडांत १८४५ च्या कायद्यानें तर नोंदवह्या ठेवणें व त्या सरकारी तपासनिसांस दाखविणें वैद्यांवर बंधनकारकच झालें. रोग्याचें मत कोणी विचारीत नव्हतें, हा त्या काळाचा दोष खराच. पण आंकडे जुळविण्यास, अनुभव पडताळण्यास व अंक भरण्यास लागणारें साहित्य मात्र त्यामुळें तयार मिळालें. कारखान्यांत गेलेल्या वैद्यास हीच सोय मिळाली नाहीं.

३

मनोविकारवैद्य इस्पितळाच्या भिंतीबाहेर पडून कारखान्यांत शिरला तो पहिल्या महायुद्धाच्या काळांत. १९१५ च्या सुमारास अमेरिकेंतील कनेक्टिकट प्रांतांत चेनी बंधूंच्या रेशमाच्या गिरणींत सी. सी. बर्लिंगेम याची नेमणूक झाली. उद्योगानें पदरीं ठेवलेला पहिला मनोविकारवैद्य म्हणून त्याचेंच नांव घेतात. त्याच वर्षीं फेब्रुवारींत चार्ल्स मायर्स यानें लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रांत 'शेल शॉक' म्हणजे तोफगोळ्यांच्या धक्क्यानें होणाऱ्या विकारावर लेख लिहिला. धडधाकट माणसाचें मनहि परिस्थितीच्या भारानें मोडूं शकतें, हें युद्धानें शिकविलें. आणि परिस्थिति ही जशी खंदकांत तशी कारखान्यांतहि असते, हें मग सुचलें. याच मायर्सनें १९२१ मध्यें हेन्री वेल्च नांवाच्या व्यापाऱ्याच्या साह्यानें लंडनास औद्योगिक मानसशास्त्राची राष्ट्रीय संस्था काढली. ती मानसशास्त्रज्ञांची; वैद्यांची नव्हे.

बोस्टनमध्यें मनोविकारांच्या इस्पितळाचा प्रमुख एल्मर अर्नेस्ट साउथर्ड व तेथील समाजसेवा-विभागाची प्रमुख मेरी जॅरेट यांनीं १९१९ सालीं एका अभियांत्रिकी निधीच्या मदतीनें उद्योगांतील मनःस्वास्थ्याचा शोध आरंभिला. नोकरींतून काढून टाकलेल्या चार हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी पाहतां साउथर्डास असें आढळलें कीं, त्यांतील साठ टक्क्यांहून अधिक लोक हातांत कसब नाहीं म्हणून गेलेले नव्हते. स्वभाव, भांडणें, गैरहजेरी अशा माणसामाणसांतील बेबनावामुळें गेले होते. कारखानदाराचें नुकसान व कामगाराचें दुःख यांचें मूळ एकच असूं शकतें, हा विचार त्यानें कारखानदारांच्या मासिकांतच मांडला. परंतु फेब्रुवारी १९२० मध्यें वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षीं तो वारला. जॅरेटबाईंनीं कामाचा वृत्तांत छापला. पण तें काम हातीं घेऊन पुढें नेणारा संघ कोठेंच नव्हता. बकनिल मेला असता तर 'जर्नल' दुसऱ्याच्या हातीं गेलें असतें. साउथर्ड मेला तेव्हां काम थांबलें. व्यक्ति व संघ यांतील अंतर तें हेंच.

यानंतरचीं उदाहरणेंहि अशींच सुटीं आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन विमा कंपनीनें १९२२ सालीं पूर्ण वेळाचा मनोविकारवैद्य नेमला. १९३२ पासून तेथें लिडिया गिबरसन या वैद्यबाईंनीं काम केलें. न्यूयॉर्कमधील मेसी नामक अवाढव्य दुकानांत व्ही. व्ही. अँडरसन यानें वैद्य, मानसशास्त्रज्ञ व समाजसेविका अशी तुकडी उभारली व १९२९ सालीं 'सायकिॲट्री इन इंडस्ट्री' हा ग्रंथ लिहिला.

इंग्लंडांत सरकारी संशोधन-मंडळाच्या वतीनें मे स्मिथ, मिलेस कल्पिन व एरिक फार्मर यांनीं तारमास्तरांच्या हाताच्या पेटक्याचा अभ्यास करून १९२७ मध्यें अहवाल दिला. हा पेटका नुकसानभरपाईस पात्र अशा धंदेरोगांच्या यादींत १९०८ पासूनच होता. हातांत दोष सांपडेना. पण पेटका येणाऱ्या लोकांत चिंता व भीति यांचीं लक्षणें इतर तारमास्तरांहून पुष्कळ अधिक आढळलीं. रोग हातास, पण त्याची मुळी मनांत व कामाच्या रीतींत, असा हा निष्कर्ष होता. १९३० सालीं कल्पिन व स्मिथ यांनीं हजाराहून अधिक लोकांच्या तपासणीवर दुसरा अहवाल प्रसिद्ध केला. पुढें १९४७ मध्यें रसेल फ्रेझर यानें युद्धकालीन यंत्रकारखान्यांतील तीन हजारांवर कामगारांची पाहणी छापली. शेंकडा दहांस स्पष्ट व आणखी शेंकडा वीसांस सौम्य मनोविकार होता, आणि आजारपणामुळें बुडणाऱ्या दिवसांपैकीं चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाचें कारण हाच होता, असें तिच्यांत दिसलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. इंग्लंडचे हे अहवाल सरकारी मंडळाच्या पैशानें झाले. म्हणून ते छापले गेले व आज कोणासहि वाचावयास मिळतात. कारखान्याच्या पगारावर असलेल्या वैद्यानें मात्र ग्रंथ लिहिला तरी त्याच्या रोजच्या नोंदी कपाटांतच राहिल्या.

४

त्या कपाटाची किल्ली कोणाकडे, हाच वादाचा मुद्दा होय. इस्पितळाच्या वैद्यास रोगी एकच धनी. कारखान्याच्या वैद्यास धनी दोन: ज्याचें दुखणें तो ऐकतो तो एक, आणि ज्याचा पगार तो घेतो तो दुसरा. एखाद्या कारकुनास त्याच्या वरिष्ठानें वैद्याकडे पाठविलें अशी कल्पना करा. रात्रीं झोंप येत नाहीं, आंकडे दिसेनासे होतात, घरीं कर्ज आहे, दारूची संवय लागली आहे, हें सर्व त्यानें विश्वासानें सांगितलें. वैद्यानें तें लिहून घेतलें. दुसऱ्या दिवशीं वरिष्ठानें कागद मागितला तर ? दिला तर कारकुनाची भाकरी जाण्याचें भय. न दिला तर वैद्याच्या नेमणुकीस धोका. आणि कागद एकदां बाहेर गेला ही वार्ता पसरली कीं दुसरा कोणी कारकून त्या दारांत पाऊल ठेवणार नाहीं. मग वैद्य राहील, कपाट राहील, पण विद्या राहणार नाहीं. कारण तिचें साहित्य लोकांच्या तोंडून येतें.

अशा कागदांवर संघ उभारावयाचा तरी कसा ? हिचनें म्हटलें, नोंदी एकमेकांस दाखवूं. कारखान्याच्या वैद्यास तसें म्हणण्याची सोय नव्हती. एक कंपनी आपल्या लोकांची कुलंगडी दुसरीच्या वैद्यास कां दाखवील ? आणि कामगारानें तरी त्यास अनुमति कां द्यावी ?

या कोड्यांतून एक वाट शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कारखान्यांत निघाली. १९२८ ते १९३० या काळांत तेथें वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. कोण बोललें हें उघड करावयाचें नाहीं, असा नियम होता. पुढें १९३६ पासून १९५६ पर्यंत तेथें सल्लागार ठेवण्याची पद्धति चालली. या प्रयोगांच्या निष्कर्षांवर विद्वानांनीं पुष्कळ टीका केली आहे, व ती बरीचशी योग्यहि आहे. पण त्यांचें दप्तर राहिलें. आज तें हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयांत अभ्यासकांस उपलब्ध आहे. नांव आधींच झाकलें म्हणून कागद उघडतां आला.

कालांतरानें या धंद्यांत दोन भेटींचा भेद रूढ झाला, तोहि समजून घेण्यासारखा आहे. कामगार आपण होऊन येतो ती उपचाराची भेट. तिचा कागद रोगी व वैद्य यांच्या दरम्यानचा. मालक पाठवितो ती परीक्षेची भेट. तिच्या आरंभींच वैद्यानें स्पष्ट सांगावयाचें कीं, मी तुमचा उपचार करण्यास बसलेलों नाहीं, माझा अभिप्राय अमक्यास जाणार आहे. आणि त्या अभिप्रायांतहि कामास योग्य, अयोग्य, किंवा अमुक सोय केल्यास योग्य, एवढेंच लिहावयाचें. दुखण्याची कहाणी लिहावयाची नाहीं. फर्मान व खाजगी पत्र एकाच रुमालांत बांधूं नये, असा जो आपला जुना शिरस्ता, त्याच जातीचा हा नियम आहे.

५

संघ वाढला तो या शिस्तीच्या मागोमाग. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याच्या मनोविकार-विभागाचा प्रमुख असलेला विल्यम मेनिंजर यानें मे १९४६ मध्यें शिकागो येथें कांहीं सहकाऱ्यांसह 'ग्रूप फॉर दि ॲडव्हान्समेंट ऑफ सायकिॲट्री' ही मंडळी जमविली. तिची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. मोठी परिषद नाहीं, भाषणें नाहींत. लहान लहान समित्या, प्रत्येकीस एक विषय, आणि प्रत्येकीनें वादविवाद करून एक छापील अहवाल द्यावयाचा. उद्योगांतील मनोविकारवैद्यकास एक समिति मिळाली व तिचा अहवाल १९५१ सालीं निघाला. निरनिराळ्या कंपन्यांत एकेकटे बसलेले वैद्य प्रथमच एका टेबलाभोंवतीं आले. रोग्यांचे कागद त्यांनीं आणले नाहींत. आपल्या अडचणी आणल्या. अडचणी कोणाच्याहि मालकीच्या नसतात.

१९४८ सालीं कॉर्नेल विद्यापीठांत अलेक्झांडर लेटन याच्या देखरेखीखालीं या शाखेच्या शिक्षणाची सोय झाली. १९५४ मध्यें हॅरी लेव्हिन्सन यानें मेनिंजर प्रतिष्ठानांत औद्योगिक मनःस्वास्थ्याचा विभाग सुरू केला. १९५८ मध्यें ॲलन मॅक्लीन व ग्रेडन टेलर यांचा 'मेंटल हेल्थ इन इंडस्ट्री' हा ग्रंथ आला. समिति, पाठशाळा, ग्रंथ हीं तीन अंगें झालीं. चौथें, म्हणजे कागदास संरक्षण, कायद्यानें दिलें. जुलै १९९० मध्यें अमेरिकेंत विकलांगांच्या हक्कांचा कायदा झाला. नोकराच्या प्रकृतीविषयीं मालकानें मिळविलेली माहिती वेगळ्या कागदावर, वेगळ्या दप्तरांत व गुप्त ठेवली पाहिजे, असें त्यांत स्पष्ट आहे. नोकराची चाकरीची फाइल एक आणि प्रकृतीची फाइल दुसरी, हा भेद आतां वैद्याच्या सौजन्यावर अवलंबून राहिला नाहीं. त्याच दशकांत 'ॲकॅडमी ऑफ ऑर्गनायझेशनल अँड ऑक्युपेशनल सायकिॲट्री' ही स्वतंत्र परिषद काम करूं लागली, आणि २००३ मध्यें तिच्या अध्यक्षपदीं राहिलेले जेफ्री कान व त्यांचे सहकारी ॲलन लँगलीब यांनीं संपादिलेली विस्तृत पुस्तिका प्रसिद्ध झाली. कायद्यामुळेंच परिषद झाली असें आम्ही म्हणत नाहीं. पण जमीन नांगरली गेल्यावर पीक यावें तसें हें दिसतें.

या हकीकतीवरून तरुण संघाच्या वाढीचा क्रम असा निघतो. पहिल्यानें परिपत्र व लहान बैठक. मोठ्या सभेची घाई नको. दुसऱ्यानें, कागद कोणाचा याचा लेखी नियम. तो ठरल्यावांचून अनुभवांची देवघेव होत नाहीं. तिसऱ्यानें नेमाचा अंक, कारण दूरचा सभासद सभेनें बांधला जात नाहीं, अंकानें बांधला जातो. चौथ्यानें नव्या माणसांचें शिक्षण. पाठ्यपुस्तक व परीक्षा यांवांचून संघ एका पिढीचा सोबती ठरतो. पांचव्यानें शेजाऱ्यांशीं सलोखा: कारखान्याचे साधे वैद्य, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, कामगारसंघ व मालक यांच्याशीं बोलणें चालू ठेवणें. यांतील कामगारसंघ पुष्कळ वेळां विसरले जातात, आणि मग वैद्य हा मालकाचाच माणूस असा ग्रह होतो.

६

आतां आपल्या देशाकडे वळूं. ब्रिटिश संघाची भारतीय शाखा १९३९ मध्यें निघाली. जानेवारी १९४७ मध्यें दिल्ली येथें स्वतंत्र 'इंडियन सायकिॲट्रिक सोसायटी' स्थापन झाली. १९४९ मध्यें नगेंद्रनाथ डे यांच्या संपादकत्वाखालीं तिचें नियतकालिक निघालें, आणि १९५८ पासून तें 'इंडियन जर्नल ऑफ सायकिॲट्री' या नांवानें चालू आहे. ग्लॉस्टरच्या घराण्याची ही थेट शाखा होय. औद्योगिक शाखेच्या वैद्यांचाहि पुढें 'असोसिएशन ऑफ इंडस्ट्रियल सायकिॲट्री ऑफ इंडिया' हा निराळा संघ झाला. त्याचें 'इंडस्ट्रियल सायकिॲट्री जर्नल' निघतें, व त्याच्या संपादनाशीं पुण्याच्या वैद्यकशिक्षणसंस्थांचा निकट संबंध राहिला आहे. म्हणजे या विद्येचें एक दप्तर आपल्याच दारीं तयार होत आहे.

कागदाचा प्रश्नहि येथें कायद्यानें हातीं घेतला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रोग्यास दोन हक्क दिले: आपल्या आजाराची गुप्तता राखली जाण्याचा, आणि आपलीं वैद्यकीय कागदपत्रें स्वतः पाहण्याचा. कागद कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर भारतीय कायद्यानें रोग्याच्या बाजूनें बरेंचसें दिलें, असें यावरून म्हणतां येईल. विषयाचें महत्त्व जगभर वाढत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें कामाच्या ताणानें येणाऱ्या पराकाष्ठेच्या थकव्यास, त्यास रोग न म्हणतां, व्यवसायाशीं निगडित अवस्था म्हणून आपल्या वर्गीकरणांत स्थान दिलें. आणि सप्टेंबर २०२२ मध्यें कामाच्या जागच्या मनःस्वास्थ्याविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. विषण्णता व चिंता या दोन विकारांमुळें जगांत दरसाल कामाचे सुमारें १२०० कोटी दिवस बुडतात, असा तिचा अंदाज आहे.

७

शेवटीं संग्राहकांच्या दृष्टीनें दोन शब्द. १९४८ च्या कारखाना कायद्यानें पांचशेंहून अधिक कामगारांच्या कारखान्यास वैद्यकीय उपचाराची खोली ठेवणें भाग पाडलें होतें. अशा खोल्यांतून वह्या लिहिल्या गेल्या. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यांचीं यंत्रें व जमीन यांचा हिशेब सर्वांनीं केला, दवाखान्याच्या वह्यांचा कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं. उद्यां अशी एखादी वही जुन्या बाजारांत, रद्दीवाल्याच्या पाटींत, कोणा वाचकाच्या हातीं लागली तर त्यानें काय करावें ?

टाकून देऊं नये, हें पहिलें. गिरणगांवांतील माणूस रात्रपाळीनें, कर्जानें, यंत्राच्या आवाजानें कसा पोळला, याचा तिच्याइतका खरा साक्षीदार दुसरा नाहीं. बखरींत तो नाहीं आणि कंपनीच्या वार्षिक हिशेबांतहि नाहीं. पण ती जशीच्या तशी छापूं नये, हें दुसरें. शंभर वर्षांपूर्वींच्या सनदेंतील नांव आपण निःशंक छापतों. या वहींतील नांवाचा मुलगा किंवा नात आपल्याच आळींत राहत असेल. ब्रिटनमधील दप्तरखाने रोग्यांच्या नोंदी सामान्यतः शंभर वर्षें बंद ठेवतात. आपणहि तोच दंडक पाळावा: वही सुरक्षित संस्थेच्या स्वाधीन करावी, तिचा काळ, आकार, पानें व विषय यांचें वर्णन प्रसिद्ध करावें, आंकडे काढावे, आणि नांवें झांकून ठेवावीं. तरुण संघांनींहि आपल्या बैठकींचीं वृत्तें, परिपत्रें व नियमावल्या आजच एखाद्या दप्तरखान्यांत ठेवण्याची व्यवस्था करावी. हे कागद तर कोणाचेंहि गुपित सांगत नाहींत.

हिचचें परिपत्र कोणत्या तारखेस निघालें हें आज आपण सांगूं शकतों, कारण त्याच्या संघानें आपलें दप्तर राखलें. साउथर्डचें काम त्याच्यामागें कोणाच्या हातीं गेलें, हें सांगावयास असें दप्तर नाहीं. कोणाचा कागद उघडावयाचा व कोणाचा झांकावयाचा, हा विवेक संशोधकास व मनोविकारवैद्यास सारखाच लागतो. तो ज्या संघानें आरंभींच अंगीं बाणविला तोच वाढला, एवढें दाखवून हा लेख पुरा करतों.